नळापासून एकोणीस पावलं

प्रिय ड्वेन,

आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, आणि तो रक्ताच्या माणसाच्या कानावर घालायलाच हवा. कोपऱ्यावरच्या, जुन्या काचा गोळा करायच्या पेटीत जॅमची रिकामी बरणी टाकायला गेले होते. एकच बरणी. धुतलेली, झाकण वेगळं केलेली. ती आत खळ्ळकन पडली मात्र, समोर आमच्याच इमारतीतली खिडकी उघडली आणि क्रूझबाई कडाडल्या, "बाई, आज रविवार आहे!" रविवारी इथे काच टाकायची नसते, कारण आवाज होतो. क्रूझबाईंनी त्याच्या दुप्पट आवाजात ओरडलेलं चालतं. सव्वीस वर्षं जर्मनीत कर भरतेय, इथे लग्न केलं, इथेच मोडलं, मुलगी वाढवली. आणि अजूनही दर रविवारी मी नेब्रास्काहून कालच उतरलेली अडाणी बाई ठरते.

तुझी अकरा प्रश्नांची यादी पोचली. क्रमांक घालणारी अर्थात तुझी कॉनी. वीस वर्षं "पुढच्या वसंतात नक्की" म्हणणारा माझा भाऊ शेवटी तिकीट काढून बसला. मे महिन्यात बारा दिवस, त्यातले तीन माझ्याकडे, आणि त्या तिनांतला पहिला आईच्या कबरीसाठी. यादी वाचून मी ती फ्रिजवर लावली, मग काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. अकरावा प्रश्न शेवटी घेते. आधी सोपे.

बर्फ. मिळत नाही. मागितलास तर वेटर तुझ्याकडे डॉक्टरसारखा बघेल. आई आली होती तेव्हा मी तिला नदीकाठच्या हॉटेलात नेलं होतं. तिने बर्फ मागितला, तर त्या माणसाने बशीतून दोन खडे आणले, चमच्यासकट. आईने मान तुकवून सांगितलं, "दोन्ही खड्यांबद्दल आभारी आहे." तो हसला नाही. आई मात्र घरी येईपर्यंत हसत होती. पाणीही विकत घ्यावं लागेल, त्यावर वाद घालू नकोस. बिल मागितल्याशिवाय येणार नाही. न मागता बिल आणणं म्हणजे इथे गिऱ्हाइकाला हाकलणं. टिप टेबलावर ठेवून निघून जायची नाही, पैसे देतानाच किती धरायचे ते सांगायचं. आणि वेटर हसला नाही म्हणून कॉनीने मनाला लावून घेऊ नये. त्याला पगार मिळतो, म्हणून हसावं लागत नाही.

मजल्यांचं नीट ऐक, कारण तुझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर राहते असं फोनवर म्हणते, तो तुमच्या हिशेबात चौथा. लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर थांब. जिन्यात क्रूझबाई विचारतील, "कसे आहात?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. "मजेत!" म्हणालास तर खोटारडा ठरशील.

आईला हे कधी कळलंच नाही. ती रस्त्यात दिसेल त्याला "कसे आहात?" म्हणायची, आपल्या गावच्या पोस्टात म्हणायची तसंच. पहिल्या आठवड्यात टीडेमान भेटले. खाली राहतात, तेव्हा साठीचे होते. त्यांनी आपल्या गुडघ्याची दहा मिनिटं सविस्तर हकिगत सांगितली, आणि आईला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. दुसऱ्या दिवशी आई मुद्दाम खाली गेली आणि गुडघ्याकडे बोट दाखवून उभी राहिली. टीडेमान मला अजून सांगतात, "तुमच्या आईने दुसऱ्यांदा विचारलं. इथे चाळीस वर्षांत कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं."

आणि एक, जे यादीत नाही. इथे कुणी "एकदा या कॉफीला" म्हणालं की दुसरा खिशातून डायरी काढतो. गुरुवार, साडेतीन. साडेतीनला तो दारात असतो. सुरुवातीला मला हे भयंकर वाटायचं. मग कधी तरी मीही तशीच झाले. तू फोनवर "वसंतात नक्की, रॉनी" म्हणायचास, ते आपल्याकडचं "नक्की" होतं. फोन गोड शेवटावर ठेवायची पद्धत. मला ते ठाऊक होतं. तरी गेले तीन वसंत मी पाहुण्यांची गादी खिडकीत घालून वारा दिला, आणि क्रूझबाईंनी तिन्ही वेळा विचारलं, "भाऊ कधी येणार?"

आता अकरावा. तू लिहिलं आहेस की बाबांच्या कबरीवरची माती एका छोट्या बाटलीत भरून आणतोयस, आईच्या मातीत मिसळायला, आणि विमानात ती चालेल का. चालत नसावी. तू तरीही आणशील.

तुला तो आठवडा आठवतो. हॅना सात आठवड्यांची होती. आई स्वयंपाकघरात तिची दुपटी घडी घालत होती, ती तिथेच खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. तुला तिला घरी न्यायची होती, बाबांशेजारी. मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही, तान्हं पोर आहे, पैसे नाहीत. तू म्हणालास, "तुला हवं ते कर," आणि फोन ठेवलास. मग मी मला हवं ते केलं. दफनभूमीच्या कचेरीत एका बाईने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक महाग, एक स्वस्त. दोन्हीत फरक काय, ते तिने सावकाश समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिले, कारण मला वाटत होतं, कबर ती कबर. आपल्याकडे आजोबांचे आजोबा अजून त्याच मक्याच्या शेताकडेला पडलेत, त्यांना कोण उठवतंय? स्वस्त कागदावर सही केली.

इथे कबर भाड्याने मिळते, ड्वेन. वीस वर्षं. महाग कागदाची मुदत वाढवता येते, स्वस्ताची येत नाही.

मला हे तीन वर्षांपूर्वी कळलं, आईच्या दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली तेव्हा. दंडाची असते तशी. कचेरीत गेले. आता तिथे एक तरुण मुलगी आहे, भली आहे, तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नाही म्हटलं. मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. तिने पुन्हा खुर्ची दिली. इथलं "नाही" सकाळी जे असतं तेच संध्याकाळी असतं. त्यानंतर मी तुला दर नाताळात विचारत होते, या वसंतात येतोस का, आणि का विचारते ते सांगत नव्हते. तुझ्या त्या फोननंतर वीस वर्षं आपण दोघं तो विषय टाळत आलो होतो. त्यावर ही चिठ्ठी कुठे ठेवणार होते? वाटलं, तू येशील, बघून जाशील, आणि तुला कधी कळायचंच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मुदत संपली. तुझं तिकीट मार्चात आलं. दगड मी मागून घेतला, नाही तर ते फोडून रस्त्यात घालतात. तो माझ्या तळघरात आहे, हॅनाच्या जुन्या सायकलीशेजारी, नाव भिंतीकडे करून, कारण कपडे धुवायला उतरलं की ते समोर येतं. आईला हलवलेलं नाही, ती तिथेच खाली आहे. वर माती सारखी केली, बी टाकलं. तू येशील तेव्हा तिथे फक्त गवत असेल, चांगलं हिरवं, आपल्याकडच्यासारखं. काही वर्षांनी तिथे दुसरं कुणी येईल. पाण्याच्या नळापासून सरळ एकोणीस पावलं, मग डावीकडे चार. मी मोजून ठेवली आहेत, कारण खूण कुठलीच उरली नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "ठीक आहे, रॉनी" म्हणाला असतास आणि मला ते खरं वाटलं असतं. डॉक्टरने तुला या एकाच प्रवासाची परवानगी दिली आहे, आणि तिकिटं वीस तारखेपर्यंत बदलता येतात असं कॉनीने लिहिलं आहे. ती परवानगी तुला तिकडेच कुठे तरी चांगल्या जागी जायला वापरता येईल. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. कशासाठी येतोयस, ते माहीत असून ठरव, एवढंच. मी मात्र दर शनिवारी अजून तिथे जाते. पायवाटेपलीकडे टीडेमानांच्या बायकोची कबर आहे, महाग कागदाची, आणि ते कंबर मोडून अंथरुणाला खिळलेत. मी हॅनाला घेऊन तुझ्याकडे आले होते त्या उन्हाळ्यात त्यांनी आईच्या फुलांना सहा आठवडे पाणी घातलं होतं, आणि परत आल्यावर आभारही मानू दिले नव्हते. आता त्यांच्या बायकोच्या फुलांना मी पाणी घालते; काल माझा सहावा शनिवार झाला. झारी रिकामी केली, नळाशेजारच्या खुंटीला टांगली आणि घरी आले.

तुझीच,
रॉनी