कमरेची डबी आणि गौरीचा नाच

कशेळे,
गौरी बोळवल्याचा दुसरा दिवस, १९८४

तीर्थरूप भिवाजीदादा यांस,

धाऊचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नुसता लिहायचा, वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजा.) तुमचा खोकला बसला का? इकडे तुमची बहीण मोतीबाई खुशाल आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही मुंबईत स्वतः उभं राहून माझ्या पाठीच्या कण्यात तार बसवून घेतलीत, तिची हकीकत कळवतो. भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवरून पडल्यापासून उजवा पाय छळत होता. हाड जुळलं, पण कळ जाईना. आता त्या तारेला वीज देणारी कमरेची डबी चालू केली, की कळेच्या जागी नुसत्या मुंग्या येतात. आमच्या एस.टी.ला म्हशी अडवतात तशी वीज त्या कळेला वाटेतच अडवते म्हणे. (गावातले लोक अजून डबीला कान लावून बातम्या ऐकू येतात का बघतात.) दादा, बरं वाटतं हो. रात्रीची झोप लागते.

तर गौरीचा नाच. रिंगणाचा म्होरक्या मी, आणि म्होरक्या करील तसं बाकीच्यांनी करायचं, विचारायचं नाही, हा आपला रिवाज. पण पडल्यापासून माझे घुंगरू खुंटीला होते आणि मी ओसरीवर बसून दुसऱ्यांचे पाय बघायचो. फार वाईट वाटायचं. यंदा म्हटलं, घुंगरू बांधायचे, पण नुसतं चालायचं. (मी उड्या मारणार नाही असा शब्द तुम्ही डॉक्टरांना दिला होतात. तो मी पाळला. उडी विजेने मारली.)

झालं असं, की ढोलकी लागली आणि मी गौरीपुढे वाकलो. वाकलं की वीज जोर करते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकं तेव्हाच आठवलं नाही. उजवा पाय ताडकन उडाला. डबी बंद करायला कमरेला हात नेला, तर मागे सगळ्या रिंगणाने कमरेला हात लावून पाय उडवला! बटण सापडेना म्हणून पुन्हा वाकलो, पुन्हा उडी, पुन्हा सगळं रिंगण. माझ्या मागे नाचणारा गजा घामाघूम होऊन म्हणतो, "बुवा, लय भारी हाय ही उडी! आमाला आधी का नाय शिकवली?"

मोतीबाई ओसरीवरून ओरडली, "आवं, बंद करा ती डबी!" आणि पदराने डोळे पुसले. घुंगरू ऐकून तिला रडू आलं आणि ते मी पाहिलं, म्हणून हा अबोला. मला मात्र तेव्हापासून घरात दिवाळी असल्यासारखं वाटतंय.

घरच्या सर्वांना माझा उभ्यानेच नमस्कार.

आपला,
धाऊ

ता.क. कालपासून मुंग्या मांडीतच थांबतात आणि पोटरी पुन्हा ठणकते. तार सरकली असावी. सोमवारी मुंबईला येतो. डॉक्टरांपुढे तुम्ही बोला, मी मागे उभा राहीन.

आणखी एक. तार जागेवर बसवा म्हणावं, पण वाकलं की वीज जोर करते, तेवढं दुरुस्त करू नका म्हणून सांगा. शेजारच्या कुंभिवली गावची मंडळी ती उडी शिकायला येणार आहेत, आणि डबीशिवाय मला ती येत नाही.