नर्सबाईंची शोकसभा

प्रिय ताई,

गावची खबरबात विचारली होतीस. शिंपीकाकांनी दुकान वाढवलं, शाळेवर नवं छप्पर आलं, आणि आपल्या नर्सबाई गेल्या. दवाखान्याच्या मागच्या जिन्यावरून पडल्या. सकाळी झाडूवालीला दिसल्या. जवळ कुणीच नव्हतं.

अर्ध्या गावाचा जन्म त्यांच्या हातचा, आपल्या दोघींचाही. रस्त्यात कुणी आडदांड भेटला तरी म्हणायच्या, "ए, तुला पहिली चापट मी मारलीय."

आदल्या दिवशी मी त्यांच्याकडून दंडाला मलम लावून घेतलं. कसं लागलं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी त्याला पाठव माझ्याकडे. कान उपटते." मी ह्यांना निरोप दिला. हे गेले आणि उशिरा परतले. "दवाखाना बंद होता, भेटल्याच नाहीत," म्हणाले.

काल शोकसभा झाली. सगळ्यांत छान ह्यांचंच भाषण झालं. "जाताना बाईंच्या तोंडी एकच होतं, पोरीला जप रे." सगळी सभा रडली. मला मात्र रडूच येईना. हे माझ्याकडे बघून मधेच थांबले, मग पुढे बोलू लागले.

आज हे कामावर गेले नाहीत. दारातच खुर्ची टाकून बसलेत. मघाशी हसून म्हणाले, "ताईला पत्र लिहितेस? लिही की. वाचून मीच टाकतो पोस्टात."

म्हणून दुसरं पत्र लिहून ठेवलंय. त्यात मी अगदी मजेत आहे. ते तुला मिळेल, आणि वाचून तुला बरं वाटेल.

तुझी,
धाकटी