भाव मिळवायचा नाही

आई, तू जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुझ्या नातीच्या वहीत कांद्याच्या गोण्यांचं उदाहरण आलं आणि मला आपलं इंदिरानगरचं स्वयंपाकघर दिसलं. त्यात मी चौथीत आहे. तू अंबडच्या कारखान्यात पॅकिंगला, तात्पुरती. दर काही महिन्यांनी तुला घरी बसवतात. कायम व्हायचं तर लेखी परीक्षा, आणि तिच्यात बेरजेची शाब्दिक उदाहरणं. बाबा म्हणाले, "कशाला डोक्याला ताप? चाललंय ते बरं चाललंय." तू पीठ मळून ठेवलंस, हात धुतलेस आणि माझ्यासमोर येऊन बसलीस. "शिकव."

नुसती बेरीज तुला लवकर आली. हातचा वर लिहायचा, हेही तू मानलंस. अडलं ते उदाहरणात. मी वाचते: नामपूरच्या बाजारात सोमवारी ३,४७६ गोण्या कांदा आला, मंगळवारी २,८५९. एका गोणीचा भाव २१५ रुपये. दोन दिवसांत एकूण किती गोण्या आल्या? तू तिन्ही आकडे एकाखाली एक मांडतेस. ६,५५०. बेरीज चोख, उत्तर चूक.

"आई, भाव मिळवायचा नाही. गोण्या विचारल्यात."

"मग दिलाय कशाला?"

"असाच."

"असाच कोण देतं? दिलेलं टाकून द्यायचं काय?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी बाईंसारखी ओरडले. "मास्तरीणबाई, लय ओरडू नका," तू म्हणालीस, "भाकरी करपंल." पण हसली नाहीस. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी, शिळ्या भाकरीचा तुकडाही वाया न घालवणारी तू. हातात आलेला आकडा तुला सोडवत नव्हता. मला तेव्हा ते कळलं नाही. तुला मात्र कळलं असावं, कारण पुढे तू स्वतःच रीत काढलीस. आधी प्रश्न वाचायचा. मग एकेका आकड्यावर बोट ठेवून त्याला विचारायचं, "तू गोणी हाय का?" नसेल तर, "मग बस बाजूला." कामावरून आल्यावर रोज, पाय दुखत असले तरी. बाबा दारातून म्हणायचे, "आता आकड्यांशी भांडायला लागली." तू मान वर करायची नाहीस.

परीक्षेच्या संध्याकाळी मी फाटकापाशी उभी होते. "कसा गेला पेपर?"

"पास-नापास म्हायत नाय," तू म्हणालीस. "पण एक आकडा टाकून आले."

पुढे तू कायम झालीस. त्या दिवशी पेढे आणलेस आणि पेढ्यांचा खोका, दोऱ्यासकट, जपून ठेवलास.

आज नातीनं भावाच्या आकड्यावर सरळ काट मारली आणि पुढे गेली. तिला शिकवावं लागलं नाही. फळीवर तुझ्या धुतलेल्या पिशव्यांची चळत आहे. दर दिवाळीला ती काढून टाकायची ठरवते. मला अजून जमलेलं नाही. तुला हे लिहिलेला कागदही त्यातल्याच एका पिशवीत घालून परत वर ठेवते.