मलागुझिया चाखायची कोणी?

नाफपाक्तोस, २४ जुलै

तीर्थरूप अरिस्तीदिसमामांस,

लांब्रोसचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? थेसालोनिकीच्या दमट हवेत कुरकुरत असणारच. इकडे सर्व खुशाल, म्हणजे तुमची बहीण बोलते आणि मी ऐकतो.

यंदा ऊन असं तापलं की डोंगरावरची मलागुझिया जुलैतच पिकायला आली. ही द्राक्षं किती नखरेल, ते तुम्ही जाणताच. वेळेवर खुडली तर वाइनला पीचचा घमघमाट, उशीर झाला तर भोपळा उकडल्याचं पाणी. गेल्या वर्षी पाणीच झालं. यंदाही झालं तर बाबांनी लावलेली बाग उपटून ऑलिव्ह लावायचे, असं ठरलंय. (ठरवलं आईनं, रडलो मी.)

साखर यंत्र सांगतं, पण वास जिभेलाच कळतो. आणि सहा ऑगस्टला चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळेपर्यंत आमच्याकडे एक मणी तोंडात टाकायची सोय नाही. खुडायला हरकत नाही, खायला आहे. मी चाखून थुंकायची सवलत मागितली. पाद्रीबुवा झाखारियास म्हणाले, "लांब्रोस, तोंड ते तोंडच. आत गेलं की गेलं." मग शेळीला चारून पाहिलं. तिनं पिकलेले घड, कच्चे घड आणि माझी टोपी सारख्याच आवडीनं खाल्ली. मग वाट चुकलेला एक जर्मन प्रवासी बागेत आला. तो प्रत्येक मण्याला "अप्रतिम!" म्हणत राहिला, पण एव्हाना त्याचा एक डोळा आंबटपणानं मिटला होता, तो उघडेचना.

शेवटी काल जेवताना आई म्हणाली, "देवाला न मानणारी जीभ हवी, आणि द्राक्ष कळणारी." मग उगाच पाव कुसकरत बसली. अशी जीभ आपल्या घराण्यात एकच आहे. मी नाव घेतलं नाही. गुड फ्रायडेला, ऐन उपासाच्या दिवशी, तुम्ही अंगणात कोकराच्या बरगड्या भाजल्या, धूर थेट मिरवणुकीत शिरला आणि आईनं तुम्हाला उंबरा बंद केला, तेव्हापासून ते नाव इथं कोणी घेत नाही.

बाकी ठीक. तुम्ही यावं असं माझं काही म्हणणं नाही.

तुमचा भाचा,
लांब्रोस

ता. क. : पहिल्या बसनं या.

आणखी एक : आज पहाटे आई बागेत दिसली. तोंड हलत होतं, हनुवटीवर रस होता. विचारलं तर म्हणाली, प्रार्थना करतेय. मग म्हणाली, "शुक्रवारी खुडायची." म्हणजे प्रश्न मिटला. "तर मग मामांना लिहिलेलं पत्र फाडू का?" असं मी दुपारी विचारलं. ती तुमची गादी उन्हात टाकत होती. मागं न बघता म्हणाली, "टाक टपालपेटीत. त्याला काय डोंबल कळतंय द्राक्षातलं! पण येऊ दे."