ज्याचा हात त्याला आधी

सर, तुमचं जर्नल आता मी चालवते. हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही आधी चष्मा पुसला असता आणि मग विचारलं असतं, हिला वेळ कुठाय? वेळ नाहीच. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता ती कॉलेजात आहे आणि रावेतच्या पुलावर मला गाडी हळू चालव म्हणून दटावते. एवढ्या वर्षांत तुमचं जर्नल मात्र तसूभरही वाढलं नाही. वर्षाला दोन पातळ अंक, तेच लेखक, तेच वाचक. भोसरीपासून चाकणपर्यंत हाताच्या दुखापतींवर इतकं चांगलं काम रोज होतं आणि त्याचा बाहेर कुणाला पत्ता नाही. मला या गोष्टीचा राग येतो. तुमच्यावरही येतो, खोटं कशाला बोलू.

संपादक झाल्यावर पहिल्याच बैठकीत मी माझा बेत मांडला. दोनाचे सहा अंक करायचे, छापील प्रत बंद करून सगळं ऑनलाइन न्यायचं, लेख तपासायला बाहेरचे तज्ज्ञ घ्यायचे आणि एका मोठ्या प्रकाशन संस्थेशी करार करायचा. शिवाय या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीच्या डॉक्टरला मोबाइलवर अंक फुकट पाठवायचा, कारण कापलेला हात सगळ्यात आधी तोच बघतो. त्यानेच काहीतरी भलतं बांधून पेशंट पाठवला तर पुढे आम्ही काय दिवे लावणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी म्हणाले, वाचून दाखवायचा नियम आता काढून टाकावा लागेल.

तो नियम तुमचा. ज्याचा हात, त्याला आधी. लेख छापायच्या आधी तो ज्या पेशंटवर लिहिला आहे त्याला समोर बसवून, त्याच्या भाषेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या वरच्या खोलीत तुम्ही वाचत बसायचात. मला अजून दिसतं, तुम्ही कागद डोळ्यांजवळ धरला आहे, समोर प्रेस मशीनवरचा एक धिप्पाड कामगार बशीतला चहा संपवून खुर्चीतच घोरतो आहे आणि तुम्ही आवाज न चढवता पुढे वाचता आहात. मी हसले तर तुम्ही डोळे वटारलेत. तो जागा झाल्यावर तुम्ही पान उलटून मागे गेलात आणि जिथे त्याचा डोळा लागला होता तिथून पुन्हा सुरुवात केलीत. माझ्या पहिल्या लेखाच्या वेळी मी हा प्रकार टाळला होता. पेशंट अडाणी आहे, त्याला काय कळणार, असं म्हणाले होते. तुम्ही लेख माझ्या हातात परत दिलात. "त्याला कळतं की नाही ते तो ठरवेल. तू वाच." एवढंच बोललात आणि पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतंही धड बोलला नाहीत. इतका राग कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तर बैठकीत तुमच्या वेळचे एक वयस्कर डॉक्टर अडून बसले. नियम काढायचा तर काढा, पण नव्या अंकातला पहिला लेख तेवढा वाचून दाखवा, म्हणाले. मी कबूल झाले. तो लेख आमच्याच समितीतल्या एका सर्जनचा. प्रकाशन संस्थेची ओळखही त्यांनीच काढून दिलेली. पत्र्याच्या धारेने एका बाईच्या मनगटातल्या, बोटं मिटवणाऱ्या कंडरा कापल्या होत्या, त्या त्यांनी नव्या पद्धतीने जोडल्या आणि हात पुन्हा घट्ट मिटायला लागला. काम खरोखर सुंदर आहे, तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही मान डोलावली असतीत. फोटोही स्वच्छ. चेहरा कुठेच नाही, नुसता हात. प्रकाशकांचा माणूस रविवारी येणार होता आणि तो हाच लेख बघणार होता. सर्जनसाहेबांना वेळ नव्हता, म्हणून गुरुवारी मीच चाकणजवळ निघोज्याला, त्या बाईच्या घरी गेले.

कंटेनरच्या रांगेतून गाडी काढत मी तिच्या खोलीशी पोचले. मराठवाड्यातली बाई, नवरा दुसऱ्या कंपनीत, दारात दोन कॅन पाण्याने भरून ठेवलेले. तिने सतरंजी टाकली, मी वाचायला सुरुवात केली. इंग्रजीतून मराठी करताना माझीच त्रेधा उडत होती. ती शांत ऐकत होती. मग मी तिला फोटो दाखवले. तिने आपला हात पदराखाली घेतला. मला वाटलं, जखम बघून घाबरली असेल.

"म्याडम, तोंड झाकलंत ते बरं केलं," ती म्हणाली. "पर मला तोंडानं कोण वळखतंय? समदे हातावरून वळखतेत."

मग तिने हात बाहेर काढून दाखवला. मनगटाच्या आतल्या बाजूला तुळस गोंदलेली, एकाच बाजूला फांद्या असलेली. लहानपणी जत्रेत गोंदताना दुखलं म्हणून तिने हात हिसकला आणि पळून गेली, ती पुन्हा बसलीच नाही. गावाकडच्या बायका तिला अजून अर्ध्या तुळशीची म्हणतात. सांगताना तिला क्षणभर हसू आलं. टाक्यांचा व्रण बरोबर त्या तुळशीतून गेला आहे. मी तो फोटो पंचवीस वेळा तरी पाहिला असेन, सर, आणि मला फक्त व्रण दिसला होता.

पुढचं तिने खालच्या आवाजात सांगितलं. आधीच्या कंपनीने तिला परत घेतलं नाही. आता ती जवळच दुसऱ्या ठिकाणी तयार मालाच्या तपासणीच्या टेबलावर आहे, तिथे सगळ्याच बायका हातमोजे घालतात, आणि ऑपरेशनचं तिने ठेकेदाराला सांगितलेलं नाही. हाताने अधू बाई कोण ठेवणार? कंपनीतल्या डॉक्टरने भरतीच्या वेळी डोळे तपासले, रक्तदाब बघितला आणि सोडून दिलं. पण ती तुळस त्याने पाहिली आहे, हे काय म्हणून विचारलंही होतं. आडवा व्रण तेवढा तिने बांगड्यांखाली झाकला होता, वरच्या फांद्या दिसत होत्या. त्या डॉक्टरचं नाव माझ्या यादीत होतं. फुकट अंकाच्या यादीत.

गाडीत बसून मी सर्जनसाहेबांना फोन लावला. फोटो कापता येईना, कारण व्रण आणि तुळस एकाच जागी. तुळस पुसली तर फोटोत फेरफार झाला, मग तो तज्ज्ञ मान्य करणार नाहीत. साहेब म्हणाले, संमतीच्या कागदावर तिचा अंगठा आहे. मी म्हटलं, आहे, डाव्या हाताचा. उजवा त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर उघडा पडला होता. तिला लिहिता येतं, पण त्या दिवशी येत नव्हतं.

"मॅडम, असं एकेकाच्या दारात जाऊन जर्नल मोठं होत नसतं," ते म्हणाले.

हे वाक्य माझंच होतं. बैठकीत मी जसंच्या तसं हेच बोलले होते. मला लाज वाटली. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी लेख काढून घेतला असं सांगितलं. मग मी तो दुसरीकडे पाठवतो, ते म्हणाले, आणि रविवारचं काय ते तुम्ही निस्तरा. पाठवा, मी म्हटलं, पण आधी तिला वाचून दाखवा, पत्ता मी देते. त्यावर त्यांनी फोन बंद केला. लेख त्यांनी अजून कुठे पाठवलेला नाही, निदान माझ्या कानावर तरी आलेलं नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे रोज सकाळी उठल्यावर आधी मी इतर जर्नलांचे नवे अंक चाळते.

रविवारी प्रकाशकांच्या माणसाने अंकातली रिकामी जागा पाहिली, चहा घेतला आणि पुढच्या बैठकीत बघू म्हणून गेला. करार होईल का, माहीत नाही. माझा बेत मी सोडलेला नाही. सहा नाही तर तीन अंक काढीन, कंपन्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचीन, आणि प्रत्येक लेखक आपल्या पेशंटला स्वतः वाचून दाखवेल. समितीतले निम्मे लोक म्हणतात, याने जर्नल बुडेल. बुडेलही. तुमच्या नियमाने मला वाचवलं असं मात्र समजू नका, तुमच्या हळूपणाचा राग माझ्या मनात अजून तसाच आहे.

ही चिठ्ठी मी कुठे टाकणार? दवाखान्याच्या वरच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. समितीत सगळे मला म्हणाले, सरांचा नियम तुम्ही पाळलात. मी निघोज्याला गेले ती नियम पाळायला नव्हे, सर. ती बाई म्हणेल, मला काय कळतंय त्यातलं, तुमचं तुम्ही बघा, आणि मग तुमचा नियम मोडायला मी मोकळी होईन, म्हणून गेले होते.