ताईसाठी उतरवलेलं वजन

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वाकता येईल तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनातून समजून घे.

तुझी तब्येत विचारत नाही, ती भावोजी रोज कळवतात. फोनवर तू दमतेस आणि मला रडू फुटतं, म्हणून पत्र लिहीत जा असं तूच फर्मावलंस. तुला हल्ली अक्षरं पुसट दिसतात, तेव्हा वाचणार भावोजीच. भावोजी, एक विनंती आहे. मी विनोदी लिहितो आणि तुम्ही ते शोकसभेत वाचल्यासारखं वाचता, अशी ताईची तक्रार आहे. जरा सुधारा.

तर बातमी अशी की मी जिमला जायला लागलो. हसून घे. तुझं हसून होईपर्यंत भावोजी थांबतील.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, लिहिलं की मला जोर येतो. रक्तगट जुळतो, बाकी सगळं जुळतं, फक्त माझ्या लिव्हरवर चरबी आहे. ती उतरली तर त्या लिव्हरचा तुकडा तुला देता येईल. नाही उतरली तर नाही. भावोजींचा रक्तगट जुळत नाही, आणि आपल्या घरात आता आपण दोघंच उरलो. डॉक्टर म्हणाले, "नीट खा, सावकाश उतरवा, रोज व्यायाम करा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

आता ही चरबी कुणाची, सांग? तुझी. आई गेल्यावर तू मला हाताशी धरलंस आणि तेव्हापासून जे वाढायला लागलीस ते लग्न होऊन गेलीस तरी डबे धाडत राहिलीस. दुधावरची साय कधी स्वतः चाखली नाहीस. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "अगं, भावाला वाढवतेस की फुगवतेस?" तेव्हा तू त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हतीस. मावशींचं बरोबर होतं, ताई. पण तुझंही चुकलं नव्हतं. मला भूक लागायचीच.

जिम गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना उजव्या हाताला मऊ मऊ गाद्या दिसतात आणि माणसाची परीक्षा तिथेच सुरू होते. वर चारी भिंतींना आरसे. घरी एक लठ्ठ माणूस मला सहन होत नाही, तिथे जिकडे वळावं तिकडे तोच उभा. बाकीचे सगळे कोरून काढल्यासारखे. ट्रेनरने एकदा सगळी यंत्रं फिरून दाखवली आणि मग तो त्याच्या फोनमध्ये गेला तो गेलाच. मी पळायच्या पट्ट्यावर चढलो. तो आधीच चालू होता हे मला माहीत नव्हतं. पट्ट्याने मला उचलून मागे ठेवलं, अगदी अदबीने. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चार दिवस मी कोपऱ्यात उभं राहून हात वर-खाली केले आणि घरी आलो. दिवसभर दुकानात बसून चष्म्याच्या काचा घासणारा माणूस मी, मला या लोखंडातलं काय कळणार? पाचव्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं. मग तुझा चेहरा आठवला. म्हटलं, शेंडी तुटो की पारंबी तुटो, जायचंच.

(भावोजी, मागची दोन वाक्यं गाळली असतीत तर बरं. वाचून झाली असतील तर असू दे.)

तुझा जड भाऊ,
धाकटा

१० मार्च

ती. ताईस,

नमस्कार. यावेळी थोडा जास्त वाकलो.

तू भावोजींकडून लिहवून घेतलेल्या चार ओळी मिळाल्या. "तुझ्यासोबत कोणी आहे का तिथे? एकटा लोखंडाखाली जाऊ नकोस," असं विचारलंस. आहे, ताई. सोबत मिळाली. ऐक.

छातीच्या व्यायामाचं एक यंत्र आहे. मी त्यावर बसून दांडे ओढत होतो, हलत नव्हते. मागून आवाज आला, "भाऊ, उलटे बसलात."

वळून बघतो तर साठीच्या एक बाई. केसांना साडीवर शोभाव्यात अशा पिना लावलेल्या, पण अंगात ढगळ पँट आणि नवऱ्याचा वाटावा असा शर्ट. मी ओशाळलो. त्या म्हणाल्या, "लाजू नका. मी आठवडाभर उलटी बसले होते. कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय."

त्या शाळेत बाई होत्या, आता निवृत्त आहेत. मी त्यांना बाईच म्हणतो. यजमान गेल्यानंतर एकदा स्वयंपाकघरात काही उचलायला खाली बसल्या आणि उठताच येईना. सकाळी दूधवाला येईपर्यंत फरशीवरच होत्या. तेव्हापासून त्यांना एवढंच हवंय, जमिनीवरून आपलं आपण उठता यावं. माझ्या आधी जेमतेम दोन महिने आल्या आहेत, पण वासरात लंगडी गाय शहाणी, तशा त्या माझ्या गुरू झाल्या.

त्यांनीच जागा शोधली. पाण्याच्या पिंपाजवळचा कोपरा, तिथे आरसा फुटलेला असल्यामुळे काढून ठेवलाय. भिंतीकडे तोंड करायचं. दुपारी चारला जायचं, तेव्हा कोरीव मंडळी नसतात. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने मला तासाभराची सवड दिली आहे. आमचा नियम असा, एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने शेजारी उभं राहून मोजायचं. उचलणाऱ्याने मोजायचं नाही, कारण तो लबाडी करतो. बाई मोजतात ते पाढे म्हणवून घेतल्यासारखं. मध्येच थांबलो की म्हणतात, "पुन्हा पहिल्यापासून." दांडा जड झाला की खाली दोन हात धरून उभ्या राहतात, लावत नाहीत, नुसते धरतात. तेवढ्यानं तो वर जातो. हे कसं होतं मला माहीत नाही. पण पहिल्यांदा त्या खोलीत मला कुणीतरी बघत असल्याची भीती वाटली नाही.

त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं आहे. सुरुवात करण्याआधी रोज विचारतात, "आज काय खाल्लंत?" मीही सांगतो. तुलाही सांगतो, म्हणजे काळजी नको. सकाळी दोन अंडी उकडून, वरचं मीठ चिमूटभर, सोबत पेलाभर दूध, साय काढलेलं. दुपारी भाजी, तीही पाण्यात शिजवलेली, हिरव्या काठाच्या वाडग्यात, आणि एक सफरचंद, साल न काढता. रात्री डाळ. अगदी मजेत चाललं आहे.

वजन भराभर उतरतंय. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, "बरे आहात ना?" मी म्हणतो, बरा व्हायच्या वाटेवर आहे.

तुझे पाय सुजलेत असं भावोजी म्हणाले. आणि तू दिवसा खूप झोपतेस म्हणे. थोडा दम धर. डॉक्टर सावकाश म्हणाले, पण सावकाश जाऊन कसं चालेल? मी पळतोय, ताई.

तुझा अर्धा उतरलेला,
धाकटा

६ मे

ती. ताईस,

नमस्कार.

इकडे उकाडा खूप आहे. दुकानातला पंखा बदलला, नवा जुन्यापेक्षा जास्त आवाज करतो. मालकाच्या मुलीला नोकरी लागली. माझ्या खिडकीसमोर नळाचं काम काढलंय, रस्ता उकरून ठेवलाय, लोक फळीवरून तोल सावरत जातात. काल एका बाईची चप्पल खड्ड्यात पडली आणि साऱ्या गल्लीने ती काढायला काठ्या आणल्या.

अजून काय लिहू? पंख्याबद्दल आणखी लिहिता येईल. पण भावोजी वाचता वाचता थांबले असतील आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघत असशील. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मी तिला सांगणार नाही. तूच सांग." त्यांचं बरोबर आहे. भावोजी, आज एकही वाक्य गाळू नका.

ताई, डॉक्टर नाही म्हणाले.

वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि खूश झाले. मग आतली तपासणी झाली, रिपोर्ट आला आणि त्यांनी मला बसायला सांगितलं. माझ्या लिव्हरला सूज आली आहे. आधी नुसती चरबी होती, आता आजार आहे. त्यांनी विचारलं, "काय खात होता?" मी अंडी, दूध, वाडगं सगळं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी खरं सांगितलं.

मी काही खात नव्हतो. सुरुवातीला कमी खाल्लं, वजन उतरलं, वाटलं अजून कमी खाल्लं तर अजून लवकर उतरेल. शेवटी शेवटी दिवसभरात चहा आणि एखादं फळ. त्यावर रोज बाईंसमोर लोखंड उचलायचं. डोळ्यांपुढे अंधारी यायची, तीही मला चांगली खूण वाटायची. डॉक्टर म्हणाले, "उपाशी राहून इतक्या झपाट्याने उतरवलं की लिव्हरवरच घाला येतो, म्हणून तर मी सावकाश म्हणालो होतो." मी विचारलं, आता नीट खाल्लं तर? ते म्हणाले, सहा महिने, कदाचित जास्त. मी विचारलं, ताईकडे तेवढे आहेत का? ते रिपोर्ट पाकिटात घालायला लागले.

पी हळद आणि हो गोरी, असं तू मला लहानपणी चिडवायचीस. मी तेच केलं. पण तुझे पाय सुजत होते ना ताई. मला दुसरं काही सुचलंच नाही.

तिथून मी घरी गेलो नाही. पाय आपोआप जिमकडे गेले. चार वाजले होते, बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. "आज काय खाल्लंत?" असं नेहमीप्रमाणे विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. कधीच काही नाही." आणि यंत्रावर बसून राहिलो.

बाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढून घडी घातली. मग म्हणाल्या, "मला संशय होता. खोटं सांगणारं मूल नेहमी फार सविस्तर सांगतं. मी विचारायला हवं होतं. माझंही चुकलं." मला वाटलं आता समजूत घालतील. तर त्या एकदम चढल्याच. कोरीव मंडळींपैकी दोघं त्या दिवशी लवकर आली होती, तीही वळून बघायला लागली.

"ते लिव्हर तुमचं होतं का, भाऊ? तुम्ही ते बहिणीला देऊन टाकलं होतं ना? मग ते तिचं झालं होतं. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवली तर तिला अशी उपाशी मारतात?"

ताई, मला हे तीन महिन्यांत एकदाही सुचलं नाही. मला वाटत होतं मी स्वतःच्याच अंगाचे हाल करतोय, त्यात कुणाचं काय जातं. उलट, जितके हाल तितकं तुझ्यावरचं प्रेम, असा काहीतरी हिशोब डोक्यात होता. आपण दोघांनी लहानपणापासून हेच केलंय. तू स्वतः उपाशी राहून मला भरवायचीस आणि त्यालाच माया म्हणायचीस. मी तुझ्याकडूनच शिकलो. हा तुला बोल नाही. पण खोटंही नाही.

बाईंनी मला खाली आणलं, गाडीवरून केळी घेतली आणि गादीवाल्याच्या पायरीवर बसवून एक सोलून हातात दिलं. मी ते हातातच धरून बसलो. त्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "उद्या या. उचलू नका काही. नुसते या." मग त्यांना पायरीवरून उठायचं होतं. माझा खांदा धरला नाही, आपल्या आपण उठल्या. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. नंतरही नाही. त्यांचा निरोप येतो, "कोपरा मोकळा आहे." मी उत्तर देत नाही. जाऊन काय करू? जेव्हा कारण होतं तेव्हा ते मीच मोडलं. आता दंडाला गाठी आल्या आहेत, खरंच आल्या आहेत, शर्टाची बाही वर केली की दिसतात, आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. तुला उचलून खिडकीपाशी न्यायला चालतील, एवढंच.

भावोजी म्हणतात, दुसऱ्या कुणाचं लिव्हर मिळेल, यादीत नाव लावलं आहे. तू त्यांना हो म्हण. पण तू आणि मी एकमेकांना फसवायचं नाही. तुझ्या पुढे बरीच नावं आहेत, आणि रात्री तू आईला हाका मारतेस हे भावोजींनी मला सांगितलं आहे.

मी रविवारी येतोय. सुट्टी काढली आहे, राहणार आहे, शेवटपर्यंत. मला बघून दचकू नकोस, गाल गेलेत. रागव हवं तर. गप्प बसलीस तरी चालेल. किती दिवस राहिलेत असं विचारलंस तर मला जेवढं माहीत आहे तेवढं खरं सांगेन. फक्त दारात पाऊल टाकल्या टाकल्या "जेवलास का" असं विचारू नकोस, ताई. बाकी काहीही विचार.

तुला पुरा न पडलेला,
तुझा धाकटा