शाखा बदलण्याची मुदत

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात शिकत होते, त्यामुळे पुढे माझं काय झालं हे तुम्हाला कळलंच नाही. मी वाघोलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक आहे. दहावीचा निकाल लागला की आईबाप मुलांना घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. अकरावीला कोणती शाखा, गणित सोडलं तर पुढे काय काय करता येणार नाही, बारावी पास व्हायला किमान काय लागतं, हे मी त्यांना समजावून सांगते. तुम्ही हेच काम शाळेच्या व्हरांड्यात एका डुगडुगत्या बाकावर बसून करायचात. त्याला तेव्हा काही नाव नव्हतं, आणि ते करायला तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. माझ्या दाराला पाटी आहे. कधीकधी मला त्या पाटीची लाज वाटते.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो. कसबा पेठेतलं आमचं घर गादीच्या दुकानामागे. पुढची खोली कापसाने भरलेली, म्हणून अम्मी तुम्हाला स्वयंपाकघरात बसवते. ती रोट्या लाटतेय आणि तुम्ही पाटावर बसून बशीतून चहा पिताय. मुलगी दहावी झाली, आता पुरे, असं अब्बांनी ठरवलेलं. ते दारातच उभे राहतात. म्हणतात, "बाई, गादीत कापूस किती घालायचा ते तुम्ही मला शिकवता का? मग माझ्या पोरीचं मला ठरवू द्या." तुम्ही बशी खालीसुद्धा ठेवत नाही. "अहो, गादी बिघडली तर तुम्ही उसवून परत भरता. हिचं आयुष्य उसवायची सोय माझ्याकडे नाही, म्हणून चालत आले." अम्मी तोंड फिरवून हसते. अब्बा हसत नाहीत, पण आत येऊन बसतात. मग बोलणी सुरू होतात. कॉलेज जवळचं हवं, दुपारच्या आत घरी यायला हवं, प्रॅक्टिकलबिक्टिकल नको. तुम्ही माझ्याकडे वळून विचारता, "मग कॉमर्स. चालेल ना गं?" अब्बा माझ्याकडे बघतायत. मी चालेल म्हणते.

मला सायन्स हवं होतं, बाई. तुम्हाला ते माहीत होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत मी तुम्हाला सोडायला आले तेव्हा मला रडू फुटलं आणि तुम्ही खेकसलात, "मिळतंय ते आधी पदरात घे. रडायला आख्खा जन्म पडलाय." अब्बांकडून जेवढं सुटण्यासारखं होतं तेवढंच तुम्ही मागितलंत. त्या कॉमर्सनंच मला घराबाहेर काढलं, पुढे नोकरी करता करता मानसशास्त्र शिकायला लावलं, या खुर्चीपर्यंत आणलं. माझी तक्रार नाही. पण ही गोष्ट मी नव्या शिक्षकांना सांगते तेव्हा ती तुमच्या विजयाची म्हणून सांगते, आणि व्हरांड्यातल्या त्या बाकासारखं आतून काहीतरी हलत राहतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. तिचे वडील यवतमाळकडचे, इथल्या एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटीला. प्रवेशाच्या वेळीच ते मला म्हणाले होते, "मॅडम, पोरीले डॉक्टर बनवाचं हाय. बाकी काई सांगू नका." तिने सायन्स घेतलं आणि पहिल्याच चाचणीत फिजिक्स, केमिस्ट्री दोन्ही राहिले. मग ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीत बसायला लागली. संध्याकाळी चाळीतली सगळी लहान पोरं हिच्याकडे पाढे म्हणायला जमायची. त्यांच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. एक दिवस म्हणाली, "मॅम, मला आर्ट्स घ्यायचंय. मराठी आणि सायकॉलॉजी. मला छोट्यांना शिकवायचंय." अकरावीत शाखा बदलता येते, पण ठरावीक मुदतीत, आणि ती मुदत संपत आली होती. मी तेच केलं जे तुम्ही केलं असतंत. तिच्या घरी गेले.

वडील ड्यूटीवर निघायच्या बेतात, गणवेश घालून पलंगावर बसलेले. आईने चहा टाकला. मी सगळं नीट सांगितलं. आर्ट्स घेऊन पदवी होते, शिक्षिका होता येतं, स्पर्धा परीक्षा देता येतात, आणि आत्ता बदललं नाही तर वर्ष हातचं जाईल. ते ऐकत होते. मग म्हणाले, "गावात सगळ्याईले सांगून आलो मी, पोरगी डॉक्टर होते म्हून. आता काय सांगू?" मी म्हटलं, "गावाचं राहू द्या हो, तिला काय हवंय ते बघा." "मंग तिलेच इचारा." आणि मी विचारलं. त्यांच्यासमोर. ती वडिलांच्या बुटांकडे बघत होती. म्हणाली, "सायन्सच."

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून म्हटलं, मी पुन्हा येते, प्राचार्यांनाही घेऊन येते. ती म्हणाली, "नको मॅम. तुम्ही आल्यापासून पप्पा जेवत नाहीयेत." मुदत संपली. अकरावीत तिला कसंबसं ढकलून पास केलं, बारावीला ती दोन विषयांत नापास झाली, फेरपरीक्षेतही तेच. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. त्याच दोन खोल्यांत ते बायकोला सांगायचे, "तिले म्हण, जेवून घे." पुढच्या उन्हाळ्यात गावाकडे तिचं लग्न लावून दिलं. मला हे तिच्या आईने बसस्टॉपवर सांगितलं. "पोरगा बरा हाय, मॅडम. शेती हाय." लग्नानंतर तिचा एकदा फोन आला होता. बाहेरून बारावीला बसता येतं का, आर्ट्स घेऊन, असं विचारत होती. मी घाईघाईने सांगायला लागले. मध्येच म्हणाली, "सासूबाई आल्या, ठेवते." नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

बाई, तुमच्या शोकसभेला शाळेचा हॉल भरला होता. प्रत्येक जणी उठून सांगत होती की तुम्ही घरी आलात आणि माझं शिक्षण चालू राहिलं. ज्यांच्या घरून तुम्हाला परतावं लागलं, त्यांच्यापैकी तिथे कोणी नसणार, हे मला तेव्हा सुचलंच नाही. अशी घरं किती होती? तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. तिथून निघाल्यावर तुम्ही कुठे जायचात? मंडईत भाजी घेऊन, रोजच्यासारखं घरी?

आज दुपारी त्या मुलीचे वडील पुन्हा आले. धाकटी दहावी झाली. माणूस फार खचलाय. म्हणाले, "मॅडम, आता तुमीच सांगा. मी एक शब्द बोलत नाई." मी त्यांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि मुलीला एकटीला विचारलं, तुला काय आवडतं. "काही नाही." शाळेत कोणता तास बरा वाटायचा? तिने खांदे उडवले. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मॅम, ज्यात नापास होत नाहीत ते द्या."

तुम्ही काहीतरी तिरकं बोलून तिला हसवलं असतंत आणि मग हळूच बोलतं केलं असतंत. मी मात्र उद्या या, एवढंच म्हणाले. बापलेक उठून गेले. घरी येऊन हे लिहायला घेतलं. पाठवायचं नाहीये, तेव्हा खरं ते लिहून टाकते. उद्या ते दोघं आलेच नाहीत तर बरं होईल, असं मला वाटतंय.